गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलात चहा कोण पिणार?



कोपरखैरण्यात दर रविवारी आमची बैठक होते. तीन टाकीपासून चालत पाच-सात मिनिटांवर, माथाडी वसाहतीतल्या एका दहा बाय बाराच्या खोलीत. येणारी बहुतेक मुलं महापे, पावणे, रबाळे इथल्या एमआयडीसीत कामाला आहेत, काही स्पर्धा परीक्षांच्या मागे आहेत, दोघीतिघी नर्सिंग करतात. मागे एका रविवारी शिष्यवृत्त्यांवर चर्चा चालली होती. तेव्हा रबाळ्याच्या एका कारखान्यात कंट्रोल पॅनेलच्या वायरिंगचं काम करणाऱ्या मुलाने विचारलं, "दादा, अमेरिकेत काळ्या तरुणांना नवीन काही बनवण्यासाठी फेलोशिप असते म्हणे. वर्षभर पैसे देतात, सोबत मार्ग दाखवणारा माणूस देतात. आपल्याकडे असं काही आहे का?"

आम्ही नेहमीच्या सवयीने सांगून टाकलं, आहे ना, बार्टी आहे.

तो म्हणाला, "बार्टी पीएचडीला देते. मला पीएचडी करायची नाही. मला यंत्र बनवायचंय."

आमच्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही विषय बदलला, चहा आला, बैठक संपली. पण प्रश्न काही संपला नाही. पुढचे दोन-तीन आठवडे आम्ही त्यावर वाचलं, भांडलो, आणि जे हाती लागलं ते इथे मांडतो आहोत.

सुरुवात बाबासाहेबांपासूनच करावी लागेल, कारण आपल्या इतिहासातली सगळ्यात मोठी फेलोशिप तीच आहे. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकर या तरुणाला महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन तीन वर्षांसाठी कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. त्याआधी कृष्णाजी अर्जुन केळुस्करांनी या मुलातलं पाणी ओळखलं होतं. मॅट्रिक झाल्यावर सत्कारात आपलं बुद्धचरित्र त्याच्या हाती ठेवलं आणि पुढे बडोद्यापर्यंत त्याच्यासाठी शब्द टाकला. आजच्या भाषेत केळुस्कर म्हणजे मेंटॉर. सयाजीराव म्हणजे फंडिंग. आणि न्यूयॉर्कमध्ये सेलिग्मन, ड्युई यांच्यासारखे गुरू. फेलोशिपमध्ये लागतं ते सगळं होतं.

मग झालं काय? करारानुसार बडोदा संस्थानची दहा वर्षं नोकरी करायची होती. १९१७ साली बाबासाहेब बडोद्याला गेले. राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहिले, तिथून लाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढलं. कचेरीत शिपाई फायली लांबून टेबलावर टाकायचे. ज्या संस्थानाने माणसाला अमेरिकेत पाठवायला पैसे दिले, त्या संस्थानाच्या राजधानीत त्याला एक खोली मिळाली नाही. ही कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. भाषणात ऐकून डोळे पुसले आहेत. तिच्यापुढचा भाग मात्र आपण कमी सांगतो.

मुंबईला परत आल्यावर बाबासाहेबांनी धंदा काढला होता. शेअर आणि रोखे बाजारातल्या लोकांना सल्ला देणारी एक छोटी फर्म. अर्थशास्त्रात कोलंबियाचं आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचं शिक्षण घेतलेला माणूस, तेव्हाच्या मुंबईत या कामाला त्याच्याहून लायक किती लोक असतील? गिऱ्हाइकं यायला लागली. मग सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळलं आणि गिऱ्हाइकं यायची बंद झाली. फर्म बंद पडली. त्यानंतर १९१८ च्या नोव्हेंबरात सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी आली, आणि तिथेही पाण्याच्या भांड्यावरून सहकाऱ्यांची कुरकुर झालीच.

या फर्मकडे जरा नीट पाहू या. ती बुडाली ती कल्पना वाईट होती म्हणून नाही. ज्ञान कमी पडलं म्हणून नाही, मेहनत कमी पडली म्हणून तर नाहीच. बाजाराने गिऱ्हाईक काढून घेतलं. फेलोशिपने बाबासाहेबांना जगातलं उत्तम शिक्षण दिलं, पण शिक्षण विकत घ्यायला बाजारात कुणी उभं नव्हतं. आजही "दलित उद्योजकांना प्रशिक्षण द्या, कौशल्य द्या" असं म्हणणारे लोक भेटतात. त्यांना आम्ही या फर्मची गोष्ट सांगतो. बाबासाहेबांपेक्षा जास्त कौशल्य कुठल्या शिबिरात देणार आहात?

आता त्याच काळातली दुसरी गोष्ट. कोल्हापूरची. गंगाराम कांबळे हे शाहू महाराजांच्या चाकरीत होते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराजांना कळल्यावर त्यांनी मारणाऱ्यांची दखल घेतलीच, पण गंगाराम यांना सांगितलं की नोकरी सोड, स्वतःचा धंदा कर. पैसे महाराजांनी दिले. भाऊसिंगजी रोडवर 'सत्यसुधारक' हॉटेल उभं राहिलं. हॉटेल झाडून पुसून लख्ख, चहा उत्तम. पण महाराच्या हातचा चहा प्यायला येणार कोण? कुणी फिरकेना.

पैसे देऊन महाराज थांबले असते तर गंगाराम कांबळे यांचं हॉटेल बाबासाहेबांच्या फर्मच्या वाटेने गेलं असतं. महाराज थांबले नाहीत. गाडी काढायचे, भर रस्त्यात हॉटेलासमोर उभी करायचे आणि मोठ्याने चहा मागवायचे. बरोबर बसलेल्या उच्चवर्णीय मंडळींनाही तोच चहा प्यावा लागायचा. कामं घेऊन, सह्या घ्यायला येणाऱ्यांनाही. राजाने प्यायल्यावर रयतेला नाही म्हणायची सोय उरत नाही. हॉटेल चाललं.

भांडवल बडोद्यातही होतं आणि कोल्हापुरातही. फरक एवढाच की कोल्हापुरात भांडवल देणारा स्वतः गिऱ्हाईक झाला, आणि आपल्या सत्तेचा वापर करून इतरांना गिऱ्हाईक व्हायला लावलं. आमच्या मते कुठल्याही फेलोशिपला, कुठल्याही स्टार्टअप योजनेला विचारायचा पहिला प्रश्न हाच आहे. चहा कोण पिणार?

अमेरिकेतल्या काळ्या बांधवांकडे पाहू या, कारण प्रश्न तिथूनच आला होता. आपलं नातं जुनं आहे. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे नेलेल्या निवेदनाची प्रत मागितली होती आणि डु बॉइस यांनी उत्तरही दिलं होतं. १९७२ साली मुंबईत पँथर उभी राहिली ती ओकलंडच्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. तर या डु बॉइस यांनाच एका फेलोशिपने हात दिला होता, रोझेनवाल्ड फंडाच्या. ज्युलियस रोझेनवाल्ड हा सिअर्स, रोबक कंपनीचा मालक. त्याच्या फंडाने १९२८ ते १९४८ या वीस वर्षांत शेकडो काळ्या लेखकांना, चित्रकारांना, संशोधकांना थेट पैसे दिले. लँगस्टन ह्यूज, झोरा नील हर्स्टन, राल्फ बंच, राल्फ एलिसन, गॉर्डन पार्क्स ही त्यातली काही नावं. जेकब लॉरेन्स या तरुण चित्रकाराने त्या पैशातून काम करायला स्टुडिओ घेतला आणि दक्षिणेतून उत्तरेत आलेल्या काळ्या लोकांच्या स्थलांतरावर साठ चित्रांची मालिका काढली. जेम्स बाल्डविनने उरलेल्या पैशातून पॅरिसचं तिकीट काढलं.

आमच्या बैठकीतल्या एका ताईने इथे बरोबर बोट ठेवलं. ती म्हणाली, "म्हणजे पैसे घरभाड्याला वापरले तरी चालत होते." हो, चालत होते. फेलोशिपचा तोच तर अर्थ आहे. माणसाला वर्षभर पोटाची चिंता नसली की डोकं चालतं. सवर्ण घरातल्या मुलाला ही फेलोशिप त्याचे आईवडील देतात. दोन वर्षं घरी बसून 'काहीतरी करून बघतो' म्हणायची मुभा त्याला असते, वर काकांचा कारखाना आणि मामाची ओळख. त्याला आपण फेलोशिप म्हणत नाही, 'रिस्क घेतली पोराने' म्हणतो. आपल्या मुलाने तीन महिने पगार आणला नाही तर घराचा हप्ता थकतो.

रोझेनवाल्डची गोष्ट गोड आहे, पण अमेरिकेची अलीकडची गोष्ट तेवढी गोड नाही. २०२० च्या मे महिन्यात जॉर्ज फ्लॉइडचा खून झाला, लोक रस्त्यावर आले, आणि मोठमोठ्या कंपन्यांनी काळ्या उद्योजकांसाठी फंड जाहीर केले. पुढे वारं फिरलं तसा अनेकांनी हात आखडता घेतला. अटलांटात काळ्या स्त्रियांनीच चालवलेला 'फिअरलेस फंड' काळ्या स्त्री उद्योजकांना २० हजार डॉलरचं अनुदान द्यायचा. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच्यावर खटला भरला गेला. आरोप काय, तर वंशभेद! आणि आधार कुठल्या कायद्याचा? १८६६ च्या नागरी हक्क कायद्याचा, म्हणजे गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांना करार करण्याचा हक्क मिळावा म्हणून केलेल्या कायद्याचा. जून २०२४ मध्ये अपील कोर्टाने अनुदान रोखलं आणि सप्टेंबरमध्ये तडजोड होऊन ती योजना कायमची बंद झाली. गुलामांच्या वंशजांसाठी केलेला कायदा गुलामांच्या नातींविरुद्ध वापरला गेला.

आपल्या मुलांनी हे लक्षात ठेवायला हवं, कारण "आता जात कुठे राहिली, सगळ्यांना समान संधी" हे वाक्य आपल्याकडेही रोज ऐकू येतं. फरक असा की बाबासाहेबांनी आपल्यासाठी संविधानात १५(४), १६(४) आणि ४६ ही कलमं लिहून ठेवली आहेत. समान संधीच्या नावाखाली विशेष तरतूद मोडून काढणं आपल्याकडे तेवढं सोपं नाही. त्यामुळे आपल्या सरकारला कायद्याची आडकाठी होती हे कारण चालणार नाही. जे झालं नाही ते इच्छेअभावी झालं नाही.

मग आपल्याकडे आहे काय? कागदावर बरंच आहे. केंद्राने अनुसूचित जातींसाठी व्हेंचर कॅपिटल फंड काढला, तो आयएफसीआयच्या कंपनीमार्फत चालतो. त्याच्याच अंतर्गत ३० सप्टेंबर २०२० रोजी 'आंबेडकर सोशल इनोव्हेशन अँड इन्क्युबेशन मिशन' जाहीर झालं. चार वर्षांत अनुसूचित जातींचे एक हजार तरुण शोधायचे, उच्च शिक्षण संस्थांमधल्या इन्क्युबेटरमार्फत, आणि प्रत्येकाला तीन वर्षांत ३० लाख रुपये भागभांडवल म्हणून द्यायचे. आमच्या मुलाच्या प्रश्नाचं थेट उत्तर खरं तर हे होतं. आणि आम्ही वर्षानुवर्षं चळवळीत असूनही ते आम्हाला पटकन आठवलं नाही. यात आमची चूक आहेच. पण चार वर्षांत हजार तरुण तयार करायला निघालेल्या योजनेचं नाव कोपरखैरण्याच्या एका खोलीतल्या पंचवीस जणांपैकी एकानेही ऐकलेलं नसावं, याला काय म्हणायचं?

दुसरं, हे पैसे भागभांडवल आहेत. म्हणजे आधी कंपनी हवी. कंपनी नोंदवायची, हिशेब ठेवायचे, सीए गाठायचा, आणि कुठल्या तरी मोठ्या संस्थेतल्या इन्क्युबेटरच्या दारात जाऊन उभं राहायचं. रोझेनवाल्डने लॉरेन्सला आधी चित्रांची कंपनी काढ असं सांगितलं नव्हतं. कल्पना आणि कंपनी यांच्यामध्ये जी दीड-दोन वर्षं असतात, त्या काळात घर चालवायला एक रुपया देणारी योजना आम्हाला तरी दिसली नाही.

स्टँड अप इंडियाचं तसंच. २०१६ साली आली, मार्च २०२५ पर्यंत होती. प्रत्येक बँक शाखेने किमान एका अनुसूचित जाती-जमातीच्या आणि एका स्त्री उद्योजकाला दहा लाख ते एक कोटीपर्यंत कर्ज द्यायचं होतं. कर्ज, लक्षात घ्या. महात्मा फुले महामंडळ १९७८ पासून आहे, तेही कर्ज देतं. लोकशाहीर अण्णा भाऊ साठे महामंडळाचं काय झालं ते २०१५ मध्ये सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं, मातंग समाजातल्या पोरांच्या नावाचे पैसे कुणाच्या गाड्यांत गेले तेही वाचलं. त्यावर जास्त लिहीत नाही, लिहिलं की रक्त आटतं.

आणि बार्टी. २०२२ च्या तुकडीत ८६१ संशोधक विद्यार्थी पात्र ठरले, सरकार दोनशेच्या आकड्यावर अडून बसलं, आणि ही मुलंमुली २०२३ मध्ये आझाद मैदानावर आठवडेच्या आठवडे बसली. संशोधन करायचं वय उपोषणात गेलं. ज्या व्यवस्थेला पीएचडीच्या फेलोशिपसाठी आझाद मैदान दाखवावं लागतं, ती यंत्र बनवणाऱ्या आयटीआयच्या मुलाला फेलोशिप देईल ही अपेक्षा भाबडी वाटेल. तरी ती धरायला हवी, कारण मागितल्याशिवाय आपल्याला आजवर काहीच मिळालेलं नाही.

आता त्या मुलाच्या यंत्राबद्दल. त्याचा मामा ठेकेदाराकडे मलनिःसारणाच्या कामावर आहे. गटारात उतरण्याआधी झाकण उघडून थोडा वेळ थांबायचं, आत झुरळं जिवंत आहेत का बघायचं, ही त्या लोकांची 'टेस्ट'. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो हे आपण शाळेत शिकतो. पण वायूचं प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास येणंच बंद होतं, हे मामाला अनुभवाने माहीत होतं. "वास गेला की पळायचं," असं तो सांगायचा. वायू मोजायची मीटरं बाजारात आहेत. मामाच्या ठेकेदाराकडेही एक आहे, कपाटात कुलूप लावून ठेवलेलं. वरिष्ठ पाहणीला आले की बाहेर निघतं.

या मुलाने दोरीला बांधून मॅनहोलमध्ये सोडायचा एक डबा बनवला. आकडे दाखवत नाही, भोंगा वाजवतो. आणि खरी युक्ती पुढे आहे. डबा कधी सोडला, आत काय सापडलं, याची वेळेसकट नोंद त्यात राहते आणि ती पुसता येत नाही. उद्या माणूस मेला तर ठेकेदार "आम्ही तपासणी केली होती" असं खोटं सांगू शकणार नाही. असला विचार कुठल्या इन्क्युबेटरच्या वातानुकूलित खोलीत सुचला असता असं आम्हाला वाटत नाही. त्यासाठी घरात मामा लागतो.

आम्ही त्याच्यासोबत एका इन्क्युबेटरमध्ये गेलो होतो. नाव लिहीत नाही. तिथली माणसं वागायला चांगली होती, पाणी दिलं, बसवलं. मग विचारलं, पिच डेक कुठे आहे, सह-संस्थापक कोण, इंग्रजीत पाच मिनिटांत सांगता येईल का. ते सगळं सोडून देऊ, शिकता येतं. शेवटचा प्रश्न मात्र वर्मावर होता. "हे विकत कोण घेणार? कामगाराला परवडणार नाही आणि ठेकेदाराला नको आहे." फाइल परत.

माणूस चुकीचं बोलला नाही. ठेकेदाराला नकोच आहे. मग हवं कुणाला? महापालिकेला हवं असायला पाहिजे. २०१३ चा कायदा सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवायला बंदी करतो. सुप्रीम कोर्टाने २०१४ साली अशा मृत्यूंना दहा लाखांची भरपाई ठरवली, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली. म्हणजे गिऱ्हाईक कायद्याने तयार करून ठेवलं आहे, पण ते हॉटेलात यायला तयार नाही. केरळात काही तरुण इंजिनिअरांनी मॅनहोल साफ करणारा 'बँडिकूट' रोबो बनवला, तेव्हा तिथलं राज्य सरकार त्यांच्या मागे उभं राहिलं आणि २०१८ मध्ये तिरुवनंतपुरमपासून त्याचा वापर सुरू झाला. तिथे सरकारने चहा प्यायला. आपल्याकडे का नाही?

केंद्राचं २०१२ चं खरेदी धोरण सांगतं की सरकारी खात्यांनी आणि सार्वजनिक कंपन्यांनी आपल्या एकूण खरेदीतला चार टक्के माल अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांकडून घ्यायचा. हे लक्ष्य गाठलं गेलेलं नाही. या मागणीचं मूळही काळ्या चळवळीत आहे. जानेवारी २००२ मधल्या भोपाळ परिषदेत अमेरिकेतल्या धर्तीवर पुरवठादारांमध्ये वैविध्य आणा असा ठराव झाला होता. तेव्हा आपल्यातल्याच अनेकांनी त्याची टिंगल केली. आम्हीही केली असेल.

इथे चळवळीतल्या मित्रांचा आक्षेप येणार हे आम्हाला माहीत आहे, कारण तो आमच्या खोलीतही आला. "बाबासाहेबांनी १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांपुढे ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले. तुम्ही पोरांना भांडवलदार करायला निघालात?" आक्षेप हलका नाही. निक्सनने १९६९ मध्ये काळ्या उद्योगांसाठी सरकारी कार्यालय काढलं तेव्हा ब्लॅक पँथरवर पोलीस सोडले जात होते, ही गोष्टही विसरण्यासारखी नाही. चार कोट्यधीश दाखवून चार कोटींना गप्प बसवणं हा खेळ जुना आहे. सत्कार, पद्मश्री, मासिकाच्या मुखपृष्ठावर फोटो, आणि वस्तीतलं गटार तसंच. गोपाळ गुरू आणि आनंद तेलतुंबडे यांनी 'दलित कोट्यधीशां'च्या कौतुकावर जी टीका केली ती आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याने वाचायला हवी.

पण त्याच बाबासाहेबांनी गिरणी कामगारांच्या संपात कुठला प्रश्न पुढे आणला होता ते आठवा. गिरणीतल्या विणकाम खात्यात पगार जास्त होता आणि तिथे आपल्या माणसाला घेत नसत, कारण तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागायचा आणि महाराचं तोंड लागलेला धागा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. बाबासाहेब असं म्हणाले नाहीत की गिरणी भांडवलदाराची आहे, जाऊ द्या. यंत्रावर हात ठेवण्याचा हक्क त्यांनी मागितला. आमच्या मुलाला कोट्यधीश व्हायचं नाही. झाला तर आमची हरकत नाही, पण तो मुद्दा नाही. मामा मरू नये असं त्याला वाटतं आणि ते करायची अक्कल त्याच्याकडे आहे. ती अक्कल वापरायला वर्षभराची सवड मागणं याला भांडवलशाही म्हणत असतील तर शब्दाचा अर्थ पुन्हा तपासावा लागेल.

दुसरा आक्षेप त्याच्या मामानेच घेतला, आणि तो आम्हाला जास्त टोचला. तो म्हणाला, "तुमचा डबा आला की ठेकेदार म्हणेल आता सेफ आहे, उतर." खरं आहे. माणसाने गटारात उतरूच नये ही आपली मागणी आहे आणि ती कुठल्याही डब्याने मागे पडता कामा नये. यावर आमचं एकमत झालेलं नाही. मुलाचं म्हणणं, उद्या मशीन येईल तेव्हा येईल, आज रात्री मामाची पाळी आहे.

एक अशोक खाडे यांचं उदाहरण देतो. तासगाव तालुक्यातल्या पेडच्या चर्मकार घरातले तीन भाऊ, दत्ता, अशोक, सुरेश. पुढे 'दास ऑफशोअर' ही कंपनी त्यांनी उभी केली, नाव तिघांच्या आद्याक्षरांचं. काम शिकले कुठे? माझगाव डॉकमध्ये, सरकारी गोदीत. आपल्या पहिल्या पिढीचा खरा इन्क्युबेटर सार्वजनिक क्षेत्र होतं. तिथे महिन्याला पगार मिळायचा, हाताला कसब मिळायचं आणि मोठी कामं कशी चालतात ते बघायला मिळायचं. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांनीही एकेकाळी थोडंफार ते केलं. आता तिथे बंद कारखान्यांच्या जागी काचेचे आयटी पार्क आहेत आणि आपली मुलं त्यांच्या गेटवर सिक्युरिटीच्या निळ्या शर्टात उभी आहेत, तीही ठेक्यावर. म्हणून फेलोशिपची मागणी करताना खासगीकरणाविरुद्धचा आवाज खाली आणायचा नाही. एक हातात घ्यायचं म्हणून दुसरं सोडायचं, हा सौदा आपल्याला परवडणारा नाही.

सरकारकडे मागायचं ते आम्ही असं ठरवलं आहे. बार्टीने पीएचडीच्या फेलोशिपला हात न लावता, वेगळ्या निधीतून, नवनिर्मितीसाठी फेलोशिप सुरू करावी. आयटीआय आणि डिप्लोमावाल्यांना खुली, मुलाखत मराठीत, पैसे दरमहा खात्यात, कंपनीची अट नाही. मेंटॉर म्हणून प्राध्यापक असावेत तसे मामासारखे कामगारही असावेत, आणि त्यांनाही मानधन मिळावं. आणि फेलोने बनवलेली वस्तू चाचणीत उतरली तर राज्यातल्या एका तरी महापालिकेने ती पहिल्यांदा विकत घेणं बंधनकारक असावं. हे शेवटचं मान्य होणार नसेल तर बाकीचं दिलं काय न दिलं काय.

सरकार देईपर्यंत आपण काय करणार? आपल्या समाजात आता नोकरदार आहेत, इंजिनिअर आहेत, वाशी-सानपाड्यात फ्लॅट असलेले आहेत. १४ एप्रिलला डीजेला आणि स्टेजला किती जातात ते आपापल्या मंडळाने आपल्याशी मोजावं, इथे आकडा लिहून कुणाला दुखवत नाही. १८ मार्च १९५६ ला आग्र्यात बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांबद्दल जी खंत बोलून दाखवली ती आपण फ्रेम करून लावली आहे. आमच्या बैठकीतल्या अकरा जणांनी या महिन्यापासून दरमहा ठराविक रक्कम बाजूला काढायचं ठरवलं आहे. त्या मुलाने ओव्हरटाइम सोडला तर जेवढा पगार बुडेल तेवढा सहा महिने त्याला द्यायचा. परतफेड नाही. हिशेब वहीत, वही खोलीत, कुणीही येऊन बघावी.

आणि एक काम सगळ्यांनी करण्यासारखं. कोपरखैरण्यात सरकारी बँकांच्या जेवढ्या शाखा आहेत, त्या प्रत्येक शाखेत माहिती अधिकाराचा एक अर्ज. स्टँड अप इंडियातून या शाखेने २०१६ पासून अनुसूचित जाती-जमातीच्या किती जणांना कर्ज दिलं, किती अर्ज नाकारले, कुठल्या कारणाने. फी दहा रुपये. दुसरा अर्ज महापालिकेत, वायू मोजायची किती यंत्रं आहेत आणि मागच्या वर्षभरात ती किती वेळा वापरल्याची नोंद आहे. अर्जाचा मसुदा आम्ही तयार ठेवला आहे. ऐरोली, घणसोली, तुर्भे स्टोअर, दिघ्याच्या मित्रांनी आपापल्या भागात तोच वापरावा. रविवारी संध्याकाळी पाचला खोलीवर या, मामाही येणार आहे. त्याला रात्रपाळी असते म्हणून सहालाच निघावं लागतं, तेव्हा उशीर करू नका.

जय भीम.